चाळीस सेकंद

हरिपूरला पोचलो तेव्हा पहाटेचे पाच.
व्हॅनमध्ये मी, दोन कॅमेरे, जनरेटर,
आणि 'अमृतवेळ' कार्यक्रमाचा फ्लेक्स,
ज्यावर देवापेक्षा मोठा
हळदपावडरीचा पुडा.

मी दस्तगीर. आवाज धरतो.
घराणं मिरजेचं, तंबोरे करणाऱ्यांचं.
भोपळ्यावर पोट भरेना, तेव्हा
काठीला माइक बांधून
लोकांच्या डोक्यावर धरायला लागलो.
अब्बा अजून विचारतात, मासे गावले का?

झालं होतं असं, की सिदगोंडा आण्णा
पेवात उतरले होते पोती मोजायला.
तीस फूट खाली. तोंड अरुंद, पोट रांजणाचं.
वरून कुणी विचारलं, काय दिसतंय?
खालून आलं,
"काय न्हाई. समदं हाय."
म्हणजे घूस न्हाई, पोती समदी हायती.
पण वरच्या पोराच्या हातात मोबाइल होता.
आठवड्यात त्या वाक्याला बासरी लागली,
सूर्योदय लागला,
नऊ लाख लोकांनी हात जोडले.

इरावती मॅडमनी आण्णांना भगवं उपरणं दिलं.
"कुणाचं हे?"
"स्पॉन्सरचं."
घडी मोडू नये म्हणून ते ताठ बसून राहिले,
लग्नात फोटो काढून घेतात तसे.

मग त्यांनी आधी कंदील सोडला दोरीनं.
मॅडम म्हणाल्या, वा! अंधारात ज्योत! हे घ्या, हे घ्या!
आण्णा म्हणाले, "इझला तर खाली हवा न्हाई, बाई.
मानूस मरतोय."
हेही घेतलं. नंतर कापलं.

पहिल्या टेकला ट्रॅक्टर आला.
तिसऱ्याला संगमावरचं कुत्रं.
पाचव्याला मॅडम म्हणाल्या, आण्णा, थोडी श्रद्धा वाढवा.
आण्णांनी आवाज वाढवला.
नवव्याला पुड्याचं नाव राहिलं.
बाराव्याला फक्त पुड्याचं नाव आलं.
चौदाव्याला खालून बराच वेळ काहीच नाही,
मग दमलेल्या गळ्यानं,
"आता खरंच काय न्हाई."

पॅक अप म्हणायच्या आत मी हात वर केला.
माझं एक काम उरतं शेवटी.
प्रत्येक जागेची शांतता निराळी असते,
कापाकापीत पडलेली भोकं
त्याच जागेच्या शांततेनं बुजवावी लागतात.
कुणी हलू नका, म्हटलं. चाळीस सेकंद.

जनरेटर बंद.
मॅडमचा फोन पालथा.
स्पॉन्सरच्या माणसानं जांभई अर्ध्यात धरली.
कानावर हेडफोन, डोळे मिटलेले मी,
आणि हळूहळू वर आलं एकेक:
दोरी करकरली.
लांब कुठं वारणा कृष्णेत शिरत होती,
दोन पाणी एकमेकांना जागा करून देताना
जेवढं वाजतं तेवढंच.
पेवाच्या पोटात वर्षांची हळद,
तिला आवाज नसतो, पण वास आला.
आणि खाली आण्णांचा श्वास,
आत, बाहेर,
सगळं पेवच घेतंय असा.

एकेचाळिसाव्या सेकंदाला मी काही बोललो नाही.
पन्नासाव्यालाही नाही.
कुणी हललं नाही.
मग मेकअपवाला शिंकला,
हळद ती हळदच,
आणि सगळे एकदम माणसांत आले.

कार्यक्रम लागला रविवारी, सातला.
पेव दिसलं, ज्योत दिसली,
खाली तयार घंटा, तयार बासरी,
तयार कोकिळा, तीही कार्तिकात.
आण्णा घरी बघत होते. फोनवर म्हणाले,
"माजा आवाज बरा हाय रं. पर माजा न्हाई."

माझ्या कार्डात ती चाळीस सेकंदं तशीच राहिली,
पन्नास, खरं तर, आणि एक शिंक.
रात्री अब्बांच्या कानाला हेडफोन लावला.
त्यांनी डोळे मिटले.
बोटं गुडघ्यावर, न दिसणाऱ्या तारेवर.
बराच वेळ ऐकून म्हणाले,
"छान जुळलाय.
फक्त जवारीचा दोरा
तांदळाएवढा मागं घे."