अक्कलहुशारी राहू दे

बँक मला साडेतीन हजार देते
आणि विचारते, गेल्या तीस वर्षांत
हे घर कुणाकुणाचं होतं.
मी वह्या उघडते. पुराच्या सालची वही
अजून गाळाचा वास सोडते,
पानं पापडासारखी वाजतात.

मिळकत : गावभाग, सांगली.
देणार : सुकुमार भूपाल मगदूम.
घेणार : तौफिक शिकलगार आणि बायको आयेशा,
मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळीची नर्स.
कर्ज बावीस लाख, हप्ते वीस वर्षं.
मंजुरीचं पत्र तिनं लॅमिनेट करून आणलेलं.
मी म्हटलं, अगं, हे नव्वद दिवसांनी मरतं.
ती म्हणाली, तोवर जिवंत ठेवू की.

एकसष्टाव्या दिवशी मला सापडली बहीण.

वारसनोंदीत तिचं नाव होतं,
पुढच्या पानावर नव्हतं.
मधे शंभराच्या स्टँपवर एक हक्कसोड,
नोंदणी नाही, नोटरीचा शिक्का तेवढा,
आणि सही : पद्मावती,
शेवटची वेलांटी कागदाबाहेर निघालेली.

सुकुमारअण्णा म्हणाले, तिचं काही नाही हो.
सत्तावीस वर्षं मी हे वाक्य ऐकते.
माणसं ते पाणी मागावं तसं म्हणतात.
मी लिहिलं : दस्त नोंदणीकृत नाही,
बँकेला चालणार नाही,
बाईंना 'संमती देणार' म्हणून हजर करावे.

आल्या. तासगावाहून, साडेआठच्या एसटीनं.
बेदाण्याच्या शेडवर उभं आयुष्य निवडण्यात गेलेलं,
म्हणजे देठ वेगळा, दाणा वेगळा.
यंत्रानं त्यांचा अंगठा तीनदा नाकारला.
शिपाई म्हणाला, मावशी, पदराला पुसा.
पुसूनच असा झालाय, त्या म्हणाल्या.

मग मला म्हणाल्या, वाचून दाखव.
आत टोकन बावीस चाललेलं, आमचं सव्वीस.
मी चतुःसीमा वाचली. पूर्वेस रस्ता,
पश्चिमेस कुंभोजे यांची इमारत.
तिथं हौद होता, त्या म्हणाल्या. बरं, पुढं वाच.
आणि ते वाक्य आलं, दर दस्तात येतं,
माझी टायपिस्ट एक कळ दाबते की उमटतं :
राजीखुशीने व अक्कलहुशारीने,
कोणाच्याही दबावास बळी न पडता.

थांब.
अक्कलहुशारी राहू दे.
दबावाचंही खरंय, दाबायला तरी
कोण आलं होतं माझ्याकडं?
राजीखुशी काढ.

सुकुमारअण्णा पंख्याकडं बघू लागले.
आयेशा बाकावर, रात्रभर जागलेली,
मांडीवर बँकेचा चेक, त्यावर दोन्ही हात.
अक्का, मी म्हटलं, हा नुसता शब्द असतो.
मग काढायला तुझं काय जातंय?

काही गेलं नाही.
पान पुन्हा छापलं, टोकन गेलं,
एका गिऱ्हाइकाची तारीख गेली, जेवण गेलं.
पुण्याहून बँकेचा फोन :
मॅडम, नमुन्यातला शब्द का गाळला?
मी कळवलं, संमती देणार यांच्या सांगण्यावरून.
टायटल निर्वेध, बोजारहित.
चौथ्या खेपेला यंत्रानं अंगठा ओळखला.

किल्ली देताना चार वाजून गेले होते.
अक्कांनी आयेशाला एवढंच विचारलं,
मागच्या खोलीची खिडकी उघडते का आता?
जोर लावावा लागतो, आयेशा म्हणाली.
हां. तवाही लागायचा.

माझ्या कपाटात, पॉलिसीच्या कागदांखाली,
एक हक्कसोड आहे, भावाच्या नावे,
कराडच्या प्लॉटचं.
मीच टाईप केलं होतं ते,
तेव्हा टायपिस्ट ठेवली नव्हती.
चौथ्या ओळीत आहे तो शब्द.
शुद्धलेखनाची एकही चूक नाही.