कच्चे टाके

नोव्हेंबरात गॅरेजचं दार एकदा लावलं
की त्याच्या खालच्या फटीत बर्फ बूच मारून बसतो, थेट मार्चपर्यंत.
आत मी, लाकडाची शेगडी,
आणि छप्पन सालची व्होल्वो ड्युएट, दोन जागी:
कवच भिंतीशी घोड्यांवर टेकवलेलं,
सांगाडा जमिनीवर उघडा, मिठाने खाल्लेला.
आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, माणसं घसरू नयेत म्हणून.
माणसं नाही घसरत.
गाड्या आतून विरतात, बोट लावलं की भोक.

मागचे कमानपाटे सोडवताना
लाल भुगा पडला मांडीवर.
सिक्स्टेन दारातून म्हणाला, नवे मिळतात की, टपालाने.
मिळतात.
पण मला ती वळणावर कलंडायला नको होती,
आणि तसं काही टपालाने येत नाही.

तीस वर्षं बंदरावरच्या तांब्याच्या भट्टीत
दुसऱ्यांच्या नळ्या जोडल्या.
आता माझ्या: चौकोनी, चार मिलिमीटर जाड,
आणि पुढच्या चाकांना धरायला हात,
आधी दुधाच्या पुठ्ठ्यातून कापलेले, मग पोलादातून.
पहिला आखडून बसला. दुसरा चाकाला आपटला.
तिसऱ्याच्या वेळी मी शिव्या दिल्या नाहीत, आणि तो बसला.

आई म्हणायची, गुन्वोर, आधी कच्चे टाके घाल,
अंगावर चढवून बघ, मगच मशीन मार.
ती ठिणग्यांना भ्यायची, गॅरेजात कधी आली नाही,
पण वेल्डिंग मला तिनेच शिकवलं म्हणा ना.
एक थेंब इथे, एक थेट समोर,
कारण लोखंड तापून निवलं की आकसतं
आणि सगळं आपल्या बाजूला ओढतं,
भावंडं ओढतात तसं, वाटणीच्या दिवशी.

फेब्रुवारीत ओळंबे सोडून कर्ण मोजले.
नऊ मिलिमीटरचा फरक.
हातमोजे काढून पुन्हा मोजले.
नऊच.

कुणाला दिसणार आहे? सिक्स्टेन म्हणाला.
तपासनिसालासुद्धा नाही दिसणार.
रस्त्याला दिसतं, मी म्हटलं.
गाडी मग कुत्र्यासारखी पळते,
तोंड एकीकडे, ढुंगण दुसरीकडे,
आणि आपण चाक जरासं डावीकडे धरून बसतो जन्मभर
आणि त्यालाच सरळ म्हणायला लागतो.
तो गप्प झाला.
लग्नाला एकतीस वर्षं झालीत आमच्या.

रात्री जमिनीवर पाणसळ ठेवली.
बुडबुडा भिंतीकडे पळाला, मोरीपासून लांब.
मग आठवलं.
हे काँक्रीट बाबांनी ओतलं, चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात,
फळीचं दुसरं टोक माझ्या हातात, मी चौदाची,
आणि ते ओरडतायत, अजून खाली धर, अजून, उतार दे,
वितळलेलं पाणी जाणार कुठे?
मी दिला होता उतार.
चाळीस हिवाळे पाणी बिनतक्रार गेलं.
गुण्या मी त्या जमिनीवर टेकवला,
ओळंबा मात्र पृथ्वीचंच ऐकतो.
नऊ मिलिमीटर हे त्या दोघांचं भांडण,
सांगाडा बिचारा मधे.

सकाळी ग्राइंडर काढला.
छत्तीस टाके उसवायला एकच दिवस लागला. पक्के असते तर?
मग चार स्क्रूच्या पायांचं टेबल केलं,
प्रत्येक पाय बुडबुड्याला विचारून फिरवला,
आणि पहिल्यापासून सुरुवात.

एप्रिलात सांगाडा चाकांवर उतरला.
इंजिन अजून नव्हतं, म्हणून त्याच्या जागी
मिठाची सहा पोती रचली, तेच ते रस्त्यावर टाकायचं मीठ,
आणि वर सिक्स्टेन, कॉफीचा कप घेऊन.
मी पुढची नळी तळहाताने दाबली, सोडली.
खाली गेली, वर आली,
थांबली.
कॉफी हिंदकळली फक्त.

झालं? त्याने विचारलं.
कुठलं झालं. ब्रेकच्या नळ्या आहेत, स्टिअरिंग आहे,
आणि तू उतर आता, हळूच,
खाली सगळे टाके कच्चेच आहेत अजून.