मागं घेताना

पहिला महिना मी फक्त मागं घ्यायला शिकले.
कुपवाडच्या बंद सूतगिरणीचं पटांगण,
तेलाचे दोन रिकामे डबे,
त्यांच्या मधून न्यायचं.
स्टिअरिंग डावीकडं, तर ट्रेलर उजवीकडं.
घाबरून जास्त वळवलं
की गाडी न् ट्रेलर
कोपरात मोडलेल्या हातासारखे.
"सिस्टर, सगळ्याकडं बघू नका," शिकलगार म्हणायचा,
"एक चाक धरा. बाकीचं येतंय मागनं."

बांधला त्यानंच.
जुन्या ट्रॉलीचा आस, वर पत्रा,
आत फळी, शेगडी, पाण्याचा कॅन.
खिडकीचं माप तेवढं माझं:
उशीवर डोकं ठेवून बाहेरचं दिसलं पाहिजे.
आमच्या वॉर्डातल्या एकाही कॉटवरून
आभाळ दिसायचं नाही.
चौतीस वर्षं मिरजेत,
त्यातली निम्मी रात्रपाळी.

आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका.
कऱ्हाडला हवा भरली.
जिथं थांबेन तिथं कुणीतरी येऊन विचारतं,
"काय मिळतं?"
मल्हारपेठेत एकानं ऑम्लेट सांगितलं,
डबल, मिरची जास्त.
पाटणला कॉलेजच्या पोरी वडापावचा दर विचारून गेल्या.
एका म्हाताऱ्याला वाटलं फिरता दवाखाना,
त्यानं न विचारताच बाही वर केली.
बघितलं मग. यंत्र असतंच माझ्याजवळ.
एकशे सत्तर.
"गोळी बंद केली का?"
तो गप्प.
"चालू करा."

पुतण्याचा फोन:
"आत्या, लोकेशन टाक."
टाकलं.
"हे तर रान दाखवतंय."
"रानच आहे."

सडावाघापूरच्या सड्यावर अंधार पडला तेव्हा
पवनचक्क्यांचे लाल दिवे लागले.
सगळे एकदम लागतात,
सगळे एकदम विझतात.
वॉर्डात दारावर असाच लाल दिवा असायचा,
पेशंटनं बटण दाबलं की लागायचा,
आणि आपण उठायचं, घास हातात असला तरी.
आता समोर शंभरेक दिवे,
डोंगराच्या कडेपर्यंत,
आणि एकाकडंही जायचं नाही.
मी पोहे खाल्ले. सावकाश. थंड होईपर्यंत.

दोनला जाग आली. येणारच.
टॉर्च घेऊन राउंड:
चाकामागचे दगड, गॅसचं बटण, जोडाची पिन.
तर उजेडात एक कानटोपी.
"आक्का, काय मिळतं?"
पवनचक्कीचा वॉचमन, झोरे.
"चहा," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.
उभ्यानंच प्यायला, ग्लासाभोवती दोन्ही हात.
"झोप लागत नाही व्हय?"
"सवय नाही."
"मला लागती," तो म्हणाला, "पण सोय नाही."
वर पातं फिरत होतं, दर फेरीला
कुणीतरी जड धाप टाकावी तसा आवाज.
मी मनात मोजायला लागले,
मिनिटाला बारा. नॉर्मल.
जाताना त्यानं दहाची नोट ठेवली.
नको म्हणणार होते.
घेतली.

सकाळी कळलं, रस्ता पुढं संपतो.
वळवायला जागा नाही,
एका बाजूला चर, एका बाजूला खडक.
झोरे मागं उभा राहिला,
"येऊ द्या, येऊ द्या."
मी एक चाक धरलं.
आणि तेव्हा, अडुसष्टाव्या वर्षी, डोक्यात उजेड पडला:
स्ट्रेचर असंच न्यायचो की आम्ही!
वळणावर आपण डावीकडं सरकायचं,
पेशंटचे पाय उजवीकडं जातात.
हजारदा केलंय हे, अंधाऱ्या पॅसेजमध्ये,
सलाइन एका हातात धरून.
शिकलगारला फोन करून सांगावं का? नको. पैसे घेतले नाहीत त्यानं शिकवायचे.

"बस!" झोरे ओरडला.
खडक वीतभर लांब.

दहाची नोट आरशामागं खोचलीय.
उतरताना मल्हारपेठ लागेल.
अंडी घ्यायला हवीत.