देखभालीचा आठवडा

सात नंबरच्या बंगल्याला पन्नास मालक आहेत.
एकेकाचा एकेक आठवडा, कागदावर, कायमचा.
मी त्यांना नावानं कमी, सवयीनं जास्त ओळखते.
अकराव्याला चार उशा लागतात.
विसाव्याला लाटांचा आवाज सोसत नाही,
दारं लावून, एसी लावून झोपतो.
सत्ताविसावा बेसिनमध्ये शिंपले धुतो, वाळूनं नळी तुंबवतो,
आणि जाताना शिंपले इथेच विसरतो.
मी ते परत किनाऱ्यावर टाकते.
पुढच्या वर्षी बहुतेक तेच वेचतो तो.

सकाळी दहाला माझा भाचा, एल्रॉय अराना,
कडक इस्त्रीच्या शर्टात नव्या जोडप्यांसमोर बसतो.
नव्वद मिनिटं. पपई फुकट, कॉफी फुकट, आग्रह अजिबात नाही.
सबंध बंगला घ्या, नाहीतर चौथा हिस्सा,
तेही जड वाटत असेल तर नुसते पॉइंट घ्या,
पॉइंट साठवता येतात, उसने देता येतात,
मुलांच्या नावावर करता येतात.
एकशेविसाव्या मिनिटाला बाईची कॉफी गार झालेली असते
आणि नवरा खिडकीबाहेरचे पेलिकन मोजत असतो.
एल्रॉय म्हणतो, मावशी, समुद्र कुठे विकतो मी?
समुद्राकडे तोंड विकतो.

ही जागा बाबांनी दिली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
दीडशे पावलं वाळू, सतरा नारळ.
बदल्यात होडीचं इंजिन, चाळीस हॉर्सपॉवरचं, कोरं.
दोन हंगाम चाललं. तिसऱ्यात प्रवाळावर आपटलं.
इंजिन चांगलं होतं, असं बाबा मरेपर्यंत म्हणायचे.
जागेचं काही बोलले नाहीत.
बंगल्याचा बाहेरचा शॉवर आहे ना, पाय धुवायचा,
तिथे आई कसाव्याचा कीस पिळायची.

गुरुवारी पाहुण्यांसाठी गारिफुना संध्याकाळ असते.
उखळ मांडतात, मुसळ हातात देतात, केळी कुटायला सांगतात.
एका डॉक्टरांनी पाच घाव घातले, फोटो काढला,
आणि तळहाताचा फोड मला दाखवायला आले.
मी त्यांना बर्फ दिला.

चौतिसावा आठवडा विनिपेगच्या पावलीशिनांचा.
ओरेस्ट आणि डोरीन. एकोणीस वर्षं, एकच खोली, एकच टेबल.
विसाव्या वर्षी ती एकटी आली
आणि त्याच्या चपला दारात काढून ठेवल्या.
आठवडाभर मी चपलांच्या भोवतीनं झाडत होते.
जाताना तिनं त्या उचलल्या नाहीत.
विसरली की ठेवल्या, विचारायचं धाडस झालं नाही.
यंदा मुलीचं पत्र आलं: आई गेली.
आम्हाला आठवडा नको, देखभालीचा खर्च परवडत नाही,
परत घ्याल का?
ऑफिसनं कळवलं, कायमचा म्हणजे कायमचा.
एल्रॉयनं ते मला वाचून दाखवलं, हसला,
मग शर्टाचं वरचं बटण काढत बसला.

आणि ते तपकिरी शेवाळ.
ते कुणाचाही आठवडा विचारून येत नाही.
पहाटे पाचला ट्रॅक्टर फिरतो,
सातपर्यंत किनारा पत्रकातल्यासारखा होतो.
दुपारी पुन्हा कुजका वास.

वर्षाचे दोन आठवडे मात्र कुणाचेच नाहीत.
एकोणचाळीस आणि चाळीस. वादळाचे दिवस,
विकायला काढले तरी घेणार कोण?
फर्निचरवर चादरी, फ्रिज बंद, खिडक्यांना फळ्या.
मी एकटी. गंज घासते, भेगा भरते.
मंगळवारी काम लवकर उरकलं
तेव्हा व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले, पाय कठड्यावर,
कसाव्याची भाकरी आणि तळलेला मासा मांडीवर घेऊन.
सनस्क्रीनचा वास नव्हता. नुसता समुद्र होता, थोडा चिडलेला.

एक निळा खेकडा पायरी चढून आला.
मला बघून थांबला. मी हलले नाही.
मग तिरका तिरका, चादरीखालून,
बैठकीच्या खोलीतून सरळ मागच्या दाराशी गेला,
वाट ठाऊक असल्यासारखा,
आणि बंद दारावर नांगी आपटू लागला.

मी उठून दार उघडलं.

नंतर फडकं मारलं. रजिस्टर भरलं.
आठवडा: एकोणचाळीस. पाहुणे: नाहीत. मोडतोड: नाही.
राहिलेल्या वस्तू: चपला, एक जोड.
खेकड्याचं काही लिहिलं नाही.