पर्यायी व्यक्तीचे नाव

जानेवारीत, वढवाणा तलावावर,
धुकं अजून पाण्याला टेकलेलं असताना
मी आणि नगीनभाई तडवी विष्ठा वेचतो.
हो, विष्ठाच. पट्टकादंब हंसांची.
हिमालय ओलांडून आलेले पाहुणे,
त्यांनी काय आणलंय ते त्यांना विचारता येत नाही.
"ताजी हवी, ओली," मी म्हणते.
नगीनभाई उकिडवे बसतात, बोटाने दाखवतात,
"बेन, ही आत्ताची. आणि ही काल संध्याकाळची."
त्यांचं कधी चुकत नाही.

काडीला कापूस, काडी कुपीत,
कुपी बर्फात, बर्फ पेटीत,
पेटी माझ्या मांडीवर
डभोईच्या खड्ड्यांतून
विरजणाच्या भांड्यासारखी.
मग भोपाळहून कागद येतो: निगेटिव्ह.
अकरा वर्षं निगेटिव्ह.
न घडलेल्या गोष्टीचा पगार
दर महिन्याच्या एक तारखेला जमा होतो.

यंदा कोठी कचेरीत बैठक.
विषय: फ्लूची महासाथ आल्यास.
आधी खमण आलं, मग साहेब आले.
व्हेंटिलेटर किती, चालू किती,
कोंबड्यांचे फार्म किती, पुरायला खड्डे कुठे,
शाळा कोणत्या दिवशी बंद,
आणि बंद करायच्या असं सांगणार कोण.
गेल्या महिन्यातल्या रंगीत तालमीत
रुग्ण झाला होता होमगार्डचा जिगर.
खोक म्हटलं की त्याला हसूच यायचं.
अ‍ॅम्ब्युलन्स मांडवीपाशी वरातीत अडकली,
बावीस मिनिटं. घोडा हलेना.
अहवालात लिहिलं: समाधानकारक.
मी काही बोलले नाही. मीही खमण खाल्लं.

तक्त्यात चौदावा रकाना:
आपण आजारी पडल्यास पर्यायी व्यक्तीचे नाव.
पंधरावा: ती आजारी पडल्यास.
सोळावा नव्हता. तिथे कागद संपत होता.

जुनं काही सापडतं का पाहा, म्हणाले,
म्हणून दफ्तरखान्यात गेले.
धुळीने शिंका आल्या, शिपाई दोन पावलं मागे सरकला.
एका गावाची मृत्यूनोंद, संवत १९७४, आसो महिना.
आकडे गुजराती, समासात कुणाची तरी मोडी.
कारणाच्या रकान्यात ताव. ताव. ताव.
गुजरातीत ताव म्हणजे ताप,
आमच्यात ताव म्हणजे कागद.
त्या पानावर दोन्हींत फरक उरला नव्हता.

पहिला कारकून सुबक. प्रत्येकाला बापाचं नाव,
जात, वय, फाटक्या-तुटक्यालाही पूर्णविराम.
सतराव्या ओळीवर अक्षर बदलतं.
दुसरा डावीकडे कलणारा, घाईचा,
शाई जास्त घेणारा. त्याच्या नऊ ओळी.
पहिल्या दोन ओळींत पहिल्याचं नाव नव्हतं ना
म्हणून मी पुन्हापुन्हा पाहिलं.
तिसऱ्यातच होतं. बापाच्या नावासकट.
मग तिसरा हात.
याला बहुतेक लिहायची सवय नव्हती.
नावं नाहीत.
एक बाई.
एक बाई.
दोन पोरं.
एक, माहीत नाही.
पण रोज लिहिलंय. एकही तारीख गाळलेली नाही.

चौदाव्या रकान्यात मी लिहिलं: नगीनभाई तडवी.
कचेरीतून फोन आला, ते तर पट्टेवाले आहेत.
म्हटलं, ओली विष्ठा ओळखणारा दुसरा कोण आहे ते सांगा.
ओळीवर थोडा वेळ नुसती खरखर होती.
"आणि बेन, माझ्यानंतर?" नगीनभाईंनी विचारलं.
त्यांची हेतल बारावीला आहे, पण तिला पक्षी आवडत नाहीत.
पंधरावा रकाना पेन्सिलीने भरला.

आता सकाळी परतताना, जीप थांबवून,
मी कुपीवरची चिठ्ठी त्यांच्याकडून लिहून घेते.
तारीख. जागा. कोणता पक्षी.
पट्टकादंबमधला जोडट ते दर वेळी सोडतात.
मी म्हणते, चालेल.
आणि स्वतःचं अक्षर मात्र,
जे डॉक्टरकीच्या पाच वर्षांत बिघडून गेलं होतं,
ते या वयात पुन्हा गिरवते आहे,
सुटं, मोठं, काना मात्रा जागच्या जागी,
तिसऱ्या हाताला
वाचता यावं म्हणून.