फेरपडताळणी

अमळनेरच्या बाजार समितीसमोर आपलं दुकान,
आत सगळे काटे उघडे, पोटातल्या स्प्रिंगा बाहेर.
तू पाच किलोचं वजन ठेवतोस,
आकडा हलतो, थांबतो,
मगच तुझा श्वास सुटतो.
शिक्क्याची मुदत संपली की चांगला काटाही
पुन्हा तपासायचा असतो, हे तूच गिऱ्हाइकाला सांगतोस.
तो वैतागतो. म्हणतो, काल तर बरोबर दाखवत होता.

दुर्वाला पाच पूर्ण झाली.
कार्डावर एक चौकट कोरी आहे.

पावरा सिस्टर दारातूनच सांगून गेल्या,
"मंगळवारले या ताई. बरफ दुपारलोंगच टिकस."
तू त्यांना चहा विचारलास, हो म्हणाला नाहीस.
रात्री म्हणालास, आधी रक्त तपासू.
अंगात किती शिल्लक आहे ते तरी कळू दे,
भरल्या पोत्यात कोण ओततं आणखी?

मी म्हटलं, रक्त काढायलाही सुईच लागते.

हसला नाहीस.
तू कुठे होतास ते मला ठाऊक होतं.
ती दीड वर्षाची, टोचल्याची रात्र,
एकशे तीन ताप, बुबुळं वर गेलेली,
आणि बोरीच्या पुलावर बंद पडलेली रिक्षा.
तू तिला घेऊन पळालास. एक चप्पल पुलावरच राहिली.
डॉक्टर म्हणाले, तापातला झटका,
होतं कधी कधी, मागे काही राहत नाही.
तुझ्या मागे राहिलं.

मी दुसरीकडे होते.
मामंजींना एक बहीण होती, कौतिक.
तिचा फोटो नाही. रेशनकार्डावर नाव चढायच्या आत गेली.
घटसर्प, एवढंच ते सांगतात
आणि हात स्वतःच्या गळ्याकडे जातो, अजून.
काय शब्द केलाय कुणी.
घट म्हणजे घसा असेल, घडा असेल,
सर्प म्हणजे सर्पच.

धुळ्याच्या लॅबने नळी मुंबईला पाठवली.
एकवीसशे रुपये. तू घासाघीस केली नाहीस.
नऊ दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट:
धनुर्वात, पुरेसं.
घटसर्प, शून्य पॉइंट शून्य सहा, काठावर.
डांग्या खोकला, पुढे आकडा होता खरा,
पण खाली मुंगीएवढ्या अक्षरात,
या आकड्यावरून संरक्षण आहे की नाही
सांगता येत नाही.

ती ओळ तू तीनदा वाचलीस.
चिडलास की तुझी अहिराणी वर येते.
"मंग मोजतस कसाले?"

काठावर म्हणजे आत की बाहेर,
काट्याला विचारता आलं असतं.
बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट उलटासुद्धा केला नाही.
म्हणाले, टोचायचं होतंच.
झटक्याचं मात्र सिस्टरच्या कानावर घाला.

मंगळवारी शटर अर्धं खाली ओढून तू आलास.
अंगणवाडीच्या पत्र्यावर चव्वेचाळीसचं ऊन,
निळा डबा, चिंब फडकं.
झटक्याचं मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
तू म्हणालास, बाटली बघू.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पण पावरा सिस्टर रागावल्या नाहीत, नखाने दाखवलं:
हे वर्तुळ, हा आतला चौकोन.
"चौकोन फिका शे तवलोंग चालस.
गरमी लागनी का काया पडस."

तू बाटली दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलीस,
जशी सोनाराची ग्रॅमची वजनं धरतोस.
आपल्या पाठीमागे चार बाया खोळंबलेल्या.
"फिका आहे," म्हणालास.
त्यांना नाही, मला.

दुर्वा रडली, मग केळं मागितलं.

त्या रात्री तू बिलबुकाच्या मागे लिहीत बसलास,
अकराला नव्व्याण्णव पॉइंट चार,
एकला शंभर,
तीनला पुन्हा नव्व्याण्णव.
चारच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले.
तू भिंतीला टेकून झोपलेला, थर्मामीटर मुठीत.
दाराशी तुझ्या दोन्ही चपला,
तोंडं रस्त्याकडे करून ठेवलेल्या.