तपकिरी

मार्च लागला. तार्तूच्या नदीवरचा बर्फ अजून चालण्याजोगा,
पण आता कुणी चालत नाही.
उर्वे काचा घेऊन येते. "मुहू बेटावरची बाई,
साल्मे, एकसष्ट. डावा स्तन.
लेम्बितचा फोन दोनदा येऊन गेला."

त्याला वाटतं, मूळ गळ्यात असावं.
चूक नाही त्याची. पेशी दिसतातच तशा,
थायरॉइडमधून उतरून आल्यासारख्या,
उंच, सडसडीत, खेटून उभ्या.
गळा उघडायची तारीखही तो धरून बसलाय.

मला खटकतं ते एकच:
केंद्रकं पायापाशी असायची,
ती वरच्या टोकाला जाऊन बसलीयत,
दारात काढायचे जोडे डोक्यावर ठेवावेत तशी.
अख्खी रांग उलटी,
आणि रांगेत कुणाला त्याचं काहीच नाही.

असली गाठ मी एकदाच पाहिलेली, पुस्तकात,
तेही दुसरंच काही शोधताना.

तर प्रतिपिंड मागवला.
हेलसिंकीहून, बोटीने, गार डब्यात.
कुठल्याशा उंदराच्या अंगात तयार झालेला, एकच धडा पाठ:
एका प्रथिनातली एकशे बहात्तरावी जागा,
तिथलं अक्षर बदललेलं असेल तरच धरायचं.
शुद्ध लिहिलेल्याकडे तो ढुंकून बघत नाही.

उर्वेनं काचा उकळल्या, धुतल्या, थेंब सोडला,
मग काळ्या पावाला लोणी लावत बसली.
मी खिडकीशी.
चूक सापडू दे, असं
मी आजवर कधी मागितलं नव्हतं.

चार वाजता भिंगाखाली.
आधी शेजारचं निरोगी: निळं, नुसतं निळं.
मग ती रांग.
तपकिरी.
कपाच्या तळाशी चहा मुरतो ना, तशी,
पेशीगणिक.

मी हसले.
उर्वे दचकली. या खोलीत सहसा कुणी हसत नाही.

लेम्बितला म्हणाले, गळा मिटलेलाच राहू दे.
गाठ इथलीच आहे, स्तनातली. काढावी लागेल,
पण असल्या गाठीला बहुधा घाई नसते.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"सावकाश सांग, लिहून घेतो."

साल्मेला मी भेटणार नाही.
ती बोटीनं परतेल कधीतरी,
कुंपणापाशी उभी राहून मेंढ्यांना हाक मारेल,
मोठ्यांदा, अख्ख्या गळ्यानं.

काच जागेवर ठेवताना पाहिलं:
कडेवरच्या क्रमांकाची ओली शाई
माझ्या अंगठ्यावर उमटलीय,
उलटी.